चमकणारे जिवाणू आणि त्यांचा रासायनिक संवाद: प्रयोग कुठे चुकतो आणि तो बिनचूक कसा करायचा

दर हिवाळ्यात माझ्या टेबलावर चार-पाच प्रोजेक्ट येतात. वहीत निळसर चमकणाऱ्या प्लेटचा फोटो चिकटवलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘यावरून जिवाणूंमधला रासायनिक संवाद सिद्ध होतो.’ तसा तो सिद्ध होत नाही. प्लेट चमकली म्हणजे ते जिवाणू चमकणारे आहेत, एवढंच कळलं. मुलांनी पहाटे बंदरावर जाऊन मासळी आणलेली असते, रात्री जागवलेल्या असतात आणि शेवटच्या दोन पायऱ्या न केल्यामुळे हाती फक्त एक फोटो उरतो. म्हणून हा सगळा प्रयोग पहिल्यापासून लिहून काढतो आहे.

नक्की काय दाखवायचं आहे, ते आधी मनात स्पष्ट हवं. हे जिवाणू एक लहानसा रेणू तयार करून बाहेर सोडतात. जिवाणू थोडे असले तर तो पाण्यात विरून जातो. दाटी झाली की तो साचतो, ठरावीक पातळी ओलांडतो, पेशीतल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि प्रकाश देणारी जनुकं सुरू करतो. त्याच जनुकांसोबत हा रेणू बनवणारं जनुकही जोरात चालू होतं, म्हणून चमक हळूहळू वाढत नाही, एकदम उसळते. ॲलिव्हिब्रिओ फिशेरी या जिवाणूत हे काम लक्स-आय आणि लक्स-आर ही प्रथिनांची जोडी करते: पहिलं रेणू बनवतं, दुसऱ्याला तो चिकटतो. या प्रकाराला ‘कोरम सेन्सिंग’ म्हणतात.

कोकणातल्या माणसाला हे समजायला अढी आठवली तरी पुरे. पेंढ्यात घातलेल्या हापूसमधून इथिलीन वायू सुटतो, झाकलेल्या जागेत साचतो आणि एक आंबा पिकला की शेजारचे भराभर पिकतात. तेच आंबे वाऱ्यावर सुटे सुटे ठेवा, पिकायला वेळ लागेल. अढीत फरक पडतो तो साचलेल्या वायूमुळे. इथेही तसंच. ‘गर्दी झाली म्हणून चमकले’ एवढं दाखवून भागत नाही, ‘पाण्यात काहीतरी साचलं म्हणून चमकले’ हे दाखवायचं आहे.

आधीच सांगून ठेवतो: हिवाळ्यात किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात त्या बहुतेक वेळा नॉक्टिल्युकासारख्या एकपेशीय प्लवकांमुळे. ते जिवाणू नव्हेत. पाणी ढवळलं की ते क्षणभर चमकतात आणि विझतात. जिवाणूंचा उजेड संथ आणि सलग असतो. चमकत्या लाटांचं पाणी बाटलीत भरून या प्रयोगाला सुरुवात करू नका.

टप्पा १: वेळ आणि जागा

डिसेंबर-जानेवारी धरा. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात चमकणाऱ्या जिवाणूंआधी कुजवणारेच ट्रे ताब्यात घेतात. वाढीचं तापमान २२ ते २५ अंश राहील अशी खोली बघा. नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्या ठेवून भागतं, पण आत थर्मामीटर हवाच.

खोली खरोखर काळोखी हवी. खिडक्यांना काळा कागद लावा, इन्व्हर्टरचा आणि चार्जरचा लुकलुकणारा दिवा चिकटपट्टीने झाका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला १० ते १५ मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला की ती मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. ‘सर, काहीच दिसत नाही’ अशा तक्रारींपैकी निम्म्या इथेच मिटतात. काम करण्यापुरता उजेड लागलाच तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुमडून लावा.

इशारा: हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षक हजर असतानाच करायचं. घरच्या स्वयंपाकघरात नाही. समुद्री मासळीवर चमकणाऱ्या जिवाणूंच्या सोबतीने त्यांचे रोगकारक भाऊबंदही असतात. व्हिब्रिओ व्हल्निफिकस जखमेतून शिरला तर जिवावर बेततं. हाताला काप, खरचटं असेल तर त्या दिवशी फक्त नोंदी घ्या. हातमोजे शेवटपर्यंत काढू नका. आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये काहीही ठेवू नका, ते माणसाच्या शरीराचं तापमान आहे.

टप्पा २: मीडियम (जिवाणू वाढवायचं खाद्य) आधी तयार, मासळी नंतर

क्रम इथेच उलटा होतो. मासळी आली की मग अगर (मीडियम घट्ट करणारी पूड) शोधायला लागतात. मासळी आणण्याच्या आदल्या दिवशी प्लेट ओतून, सुकवून तयार हव्यात.

एक लिटरसाठी: समुद्राचं पाणी ७५० मिली, डिस्टिल्ड पाणी २५० मिली, पेप्टोन ५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ३ ग्रॅम, ग्लिसरॉल ३ मिली. प्लेटसाठी त्यात अगर १५ ग्रॅम. ब्रॉथसाठी, म्हणजे पातळ मीडियमसाठी, अगर वगळा. समुद्राचं पाणी खाडीच्या तोंडाशी घेऊ नका, तिथे गोडं पाणी मिसळलेलं असतं. उघड्या किनाऱ्यावरून, भरतीच्या वेळी घ्या आणि जाड फडक्यातून गाळा. ते शक्य नसेल तर सगळं डिस्टिल्ड पाणी घेऊन लिटरला ३० ग्रॅम खडे मीठ घाला. वाढ थोडी कमी होईल, पण काम होतं.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, १२१ अंशांना १५ ते २० मिनिटं. प्रेशर कुकर वापरणार असाल तर शिट्ट्या मोजू नका. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि तिथून घड्याळाने २० मिनिटं.

साखर घालू नका. ‘जिवाणू लवकर वाढतील’ म्हणून ग्लुकोज घातलेली मीडियम मी पाहिली आहेत. वाढ जोरात होते आणि चमक दबते, कारण ग्लुकोज असेतोवर या जिवाणूंमधली प्रकाशाची जनुकं नीट चालू होत नाहीत. ग्लिसरॉल घेण्याचं कारण तेच.

तपासणी: दोन प्लेट काहीही न लावता रात्रभर ठेवा. त्यांच्यावर काही उगवलं तर सगळा घाणा टाकून द्या.

टप्पा ३: मासळी निवडणं

सगळ्यात खात्रीचा म्हणजे माकूल (स्क्विड). ताजा बांगडाही चालतो. अट एकच, गोड्या पाण्याचा स्पर्श झालेला नको. समुद्री जिवाणूंना नळाचं पाणी लागलं की त्यातले बरेच फुटून मरतात. बाजारातला धुतलेला, बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात पडून राहिलेला माकूल याच कारणाने चमकत नाही आणि मुलं म्हणतात, ‘आमच्या भागात हे जिवाणूच नाहीत.’

मिरकरवाडा, हर्णे, मालवण, देवगड, जिथे जवळ पडेल तिथे बोट लागायच्या वेळी जा. घरून उकळून गार केलेलं मिठाचं पाणी डब्यात घेऊन जा. मालवणला एकदा मी टोपलीवाल्या मावशींना म्हटलं, “मावशी, धुऊ नका, तसाच द्या.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “खावचा नाय तर घेतास कित्याक?” मी प्रयोगाचं सांगितल्यावर त्यांनी टोपलीच्या तळातला, अंगावर अजून चिकट ओल असलेला माकूल काढून दिला आणि म्हणाल्या, “ह्यो घे, ह्यो रातीचो चमकता.” कोळणींना हे ठाऊक असतं. त्यांना विचारा.

प्रयोगाचा मासा कुणी खायचा नाही. पिशवीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहा.

टप्पा ४: ट्रेमध्ये चमक येऊ देणं

१. उथळ ट्रेमध्ये ३ टक्के मिठाचं पाणी घ्या, उकळून गार केलेलं.

२. माकूल अर्धा बुडेल, अर्धा हवेत राहील असा ठेवा. प्रकाश देणाऱ्या रासायनिक क्रियेला ऑक्सिजन लागतो. पूर्ण बुडवलेला मासा अंधाराच राहतो.

३. वर सैल झाकण ठेवा आणि १५ ते २० अंशांत १२ ते २४ तास ठेवा. एवढी थंड जागा नसेल तर प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, तिथे ४८ तासांपर्यंत लागतात.

४. बारा तासांनंतर दर काही तासांनी अंधारात बघा.

पहिल्यांदा दिसतात ते सुईच्या टोकाएवढे ठिपके, बहुतेक पाण्याच्या रेषेच्या जरा वर. रंग फिकट निळा-हिरवा. थेट रोखून पाहिलं तर हरवतात, नजर किंचित बाजूला ठेवली तर स्पष्ट होतात. एका वर्षी वीज गेली म्हणून आम्ही ट्रे आवरायला गेलो आणि माकुलाच्या परांची कडच्या कड उजळलेली दिसली. दिवे असताना त्याच ट्रेपाशी आम्ही दोनदा येऊन ‘काही नाही’ म्हणून परत गेलो होतो.

तपासणी: मासळीला सडका वास सुटला असेल आणि ठिपका एकही नसेल तर वाट बघू नका. नवा मासा, कमी तापमान.

टप्पा ५: एक कॉलनी (एका पेशीपासून वाढलेला जिवाणूंचा ठिपका) वेगळी करणं

अंधारात ठिपका दिसतो, पण हात दिसत नाही. म्हणून दोघांनी काम करा. एकाने ठिपक्याच्या अगदी शेजारी निर्जंतुक टूथपिक टोचून खूण करायची. मग लाल उजेडात दुसऱ्याने लूप (तारेचं छोटं कडं) त्या जागी हलकेच टेकवून प्लेटवर चार भागांत स्ट्रीक करायचं, म्हणजे रेघा ओढत जिवाणू पसरवायचे. लूप खरवडू नका, मांसाचा तुकडा आला तर सोबत शंभर पाहुणे येतात.

प्लेट उलट्या ठेवा, २२ ते २५ अंशांवर. १२, १८ आणि २४ तासांनी अंधारात बघा. इथे उशीर नडतो. चमक वाढीच्या ऐन भरात असते, दोन दिवसांच्या जुन्या कॉलनी बऱ्याचदा विझलेल्या असतात. शुक्रवारी प्लेट लावून सोमवारी बघणाऱ्यांना म्हणूनच काही मिळत नाही.

सगळ्यात तेजस्वी, एकटी असलेली कॉलनी निवडा. प्लेटच्या तळाला मार्करने गोल करा आणि तिथून पुन्हा स्ट्रीक करा. असं तीनदा. तिसऱ्या प्लेटवर सगळ्या कॉलनी एकसारख्या आणि सगळ्या चमकणाऱ्या हव्यात. पुढेही दर वेळी सर्वांत तेजस्वी कॉलनीच उचला, कारण वारंवार लावत गेलं की त्यात अंधारे वंशज निपजतात.

ओळख पटलेला जिवाणू हवा असेल तर चंडीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहांमध्ये कॉलेजमार्फत चौकशी करा. तोवर वहीत ‘व्हिब्रिओ हार्वेई मिळाला’ असं लिहू नका. ‘माकुलावरून मिळालेला चमकणारा जिवाणू’ एवढंच लिहा.

टप्पा ६: थोडे असताना अंधार, दाटीत उजेड

इथून खरा प्रयोग सुरू होतो आणि बहुतेक प्रोजेक्ट इथेच थांबलेले असतात.

रात्रभर वाढवलेलं चमकतं ब्रॉथ नव्या ब्रॉथमध्ये १:१००० पातळ करायचं, म्हणजे ५० मिलीत ५० मायक्रोलिटर. हजारपट पातळ केलेलं पुन्हा भरायला दहा दुपटी लागतात. एका दुपटीला ४५ मिनिटं धरली तर साडेसात तास. सकाळी साडेदहाला सुरू केलं तर सहाच्या सुमारास दाटी होते. दुपारी तीनला सुरू करून पाचला कुलूप लावायची घाई करणाऱ्यांना फक्त अंधारच दिसतो. तुमचा जिवाणू किती वेगाने वाढतो ते आधी एकदा मोजून घ्या आणि तासांचा हिशेब त्यावरून करा.

आमच्याकडे पहिल्या वर्षी १:१० पातळ केलं होतं. फ्लास्क पहिल्या मिनिटापासून चमकत होता. जुना रेणूही त्यात गेला होता आणि आधीच चमकायला लागलेल्या पेशीही. अशा फ्लास्कमधून काहीच शिकता येत नाही.

आता मुख्य पेच. पातळ फ्लास्क अंधारा दिसतो, मान्य. पण त्यात जिवाणूच हजारपट कमी आहेत! प्रत्येक पेशी पूर्ण चमकत असती तरी एकूण उजेड डोळ्याला दिसला नसता. म्हणजे ‘सकाळी अंधार, संध्याकाळी उजेड’ हा संवादाचा पुरावा नाहीच. एका पेशीमागे उजेड किती, हे बघावं लागतं. काही जिवाणू, विशेषतः फोटोबॅक्टेरियम गटातले काही, थोडे असतानाही चमकतच असतात. तुमच्या हाती तसा आला असेल तर ते इथेच कळायला हवं.

त्यासाठी असं करा:

१. २५० मिलीच्या दोन फ्लास्कमध्ये प्रत्येकी ५० मिली ब्रॉथ घ्या. पहिला साडेदहाला सुरू करा, दुसरा तीन तासांनी. दोन्हींत १:१०००. दुसऱ्यासाठी लागणारं रात्रीचं ब्रॉथ तोवर फ्रिजमध्ये ठेवा.

२. दोन्ही सारखेच हलवा. शेकर नसेल तर दर १५ मिनिटांनी ३० वेळा गोल फिरवा. एक नीट हलवला आणि दुसरा राहिला तर राहिलेल्यात ऑक्सिजन कमी पडून तो अंधारा दिसेल आणि तुम्ही त्याला संवादाचा अभाव समजाल.

३. पहिला फ्लास्क चांगला उजळला की दोन्हींची गढूळता, म्हणजे जिवाणूंची दाटी, कलरीमीटरवर ६०० नॅनोमीटरच्या आसपास मोजा.

४. पहिल्यातलं थोडं कल्चर ३ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याने पातळ करून दुसऱ्याच्या गढूळतेला आणा. वरच्या हिशेबाने तीन तासांत चार दुपटी, म्हणजे साधारण १६ पट.

५. दोन सारख्या टेस्ट ट्यूबमध्ये सारखं माप घ्या, दोन्ही दहा सेकंद हलवा आणि अंधारात शेजारी शेजारी धरा.

आता दोन्ही ट्यूबमध्ये पेशी सारख्याच आहेत. पहिली चमकते आणि दुसरी अंधारी, तर दाटीतून आलेल्या पेशींमध्ये खरोखर काहीतरी बदललेलं आहे. दोन्ही सारख्याच चमकल्या तर तुमचा जिवाणू गर्दीची वाट बघत नाही. दुसरी कॉलनी घ्या, आणि हा निकालही वहीत लिहा. तो अपयश नाही. ही तुलना पाच मिनिटांत आटपा, नाहीतर दुसरीतल्या पेशीही मधल्या काळात बदलायला लागतात.

फोटो काढणार असाल तर कॅमेरा प्रो मोडवर: आयएसओ, एक्सपोजर १५ ते ३० सेकंद, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने ठरवलेलं, फोन स्टँडवर, अंतर तेच. ऑटो मोडमध्ये कॅमेरा अंधाराला उजळवतो आणि उजेडाला दाबतो, मग आलेख सपाट येतो. दोन्ही ट्यूब एकाच फोटोत घ्या.

टप्पा ७: पाण्यातला निरोप

दाटीने बदल झाला हे कळलं. पण दाटीत अन्नही संपतं, पीएचही बदलतो. बदल संकेतरेणूमुळेच झाला, असं म्हणायला जिवाणू काढून टाकून फक्त त्यांचं पाणी देऊन बघावं लागतं.

१. ऐन भरात चमकणारं ब्रॉथ ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. सुमारे ३० मिली लागेल. फिल्टर तुंबत असेल तर आधी सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्या. एक थेंब प्लेटवर टाकून ठेवा. उद्या तिथे काही उगवलं तर आजचा निकाल रद्द.

२. गाळलेल्या पाण्याचा पीएच लगेच तपासा. अनेक चमकणारे जिवाणू लॅक्टोन गटाचा, म्हणजे अणूंचं कडं असलेला, संकेतरेणू बनवतात आणि त्याचं कडं अल्कधर्मी पाण्यात उघडतं, रेणू निकामी होतो. पेप्टोनवर वाढलेलं ब्रॉथ जसं शिळं होतं तसं अल्कधर्मी होत जातं. म्हणून रात्रभर ठेवलेलं गाळीव पाणी चालत नाही. पीएच ७ वर आणा आणि त्याच दिवशी वापरा.

३. त्यातलं १० मिली वेगळं काढा, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १० च्या वर न्या, दोन तास ठेवा आणि मग पुन्हा ७ वर आणून तेही फिल्टरने गाळा. हा तुलनेचा नमुना. यात अन्नाचं उरलंसुरलं तेच आहे, पण लॅक्टोन मोडलेला आहे.

४. १:१००० ने सुरू केलेलं १२० मिली कल्चर घ्या, पूर्ण अंधारं, कलरीमीटरचा काटा जेमतेम हलू लागलेला. त्याचे तीन फ्लास्कमध्ये ४०-४० मिली असे भाग करा. एकाच कल्चरमधून तिन्ही, म्हणजे सुरुवातीच्या संख्येचा वाद राहत नाही.

५. ‘अ’मध्ये १० मिली ताजं ब्रॉथ, ‘ब’मध्ये १० मिली गाळलेलं पाणी, ‘क’मध्ये अल्कधर्मी करून परत आणलेलं १० मिली.

६. सारखं हलवत राहा. दर १५ मिनिटांनी गढूळता आणि चमक नोंदवा. कुठला फ्लास्क कुठला, हे चमक बघणाऱ्याला सांगू नका. चिठ्ठी फ्लास्कच्या तळाला लावा.

‘ब’ आधी उजळला, तोही ‘अ’ आणि ‘क’ एवढीच गढूळता असताना, तर पाण्यातून निरोप गेला. ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही सारखेच आधी उजळले तर लॅक्टोनवर बोट ठेवता येत नाही. व्हिब्रिओ हार्वेईसारखे जिवाणू एकाहून जास्त संकेत वापरतात, त्यातला एआय-२ हा लॅक्टोन नाही. तेव्हा वहीत ‘गाळीव पाण्यातल्या कशामुळे तरी’ इतकंच लिहायचं. तिन्ही एकदमच उजळले तर बहुधा सुरुवातीचं कल्चर उशिरा वाटलं गेलं, त्यात स्वतःचा रेणू आधीच साचला होता. पुढच्या वेळी तासभर आधी वाटा.

दुसऱ्या कुठल्या जिवाणूचं गाळीव पाणी घालून ‘आमचा प्रयोग फसला’ म्हणू नका. लॅक्टोनची शेपटी जातीगणिक वेगळी असते, दुसऱ्याचा रेणू तुमच्या जिवाणूला बहुतेक वेळा कळतच नाही.

सगळं तीनदा, तीन वेगळ्या दिवशी. एकदा आलेला निकाल मी स्वीकारत नाही.

टप्पा ८: विल्हेवाट

प्लेट, फ्लास्क, ट्यूब, फिल्टर, टूथपिक सगळं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना ३० मिनिटं. ते शक्य नसलेल्या ट्रे आणि टेबलासाठी ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, ताजं बनवलेलं, ३० मिनिटं. ब्लीच घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये ठेवू नका. मासळीसुद्धा ऑटोक्लेव्ह करून मगच खोल पुरा. मांजरांना घालू नका, परत खाडीत टाकू नका.

ब्लीचमध्ये टाकलेला ट्रे काही क्षणांत विझतो आणि मुलं म्हणतात, ‘मेले, काढू का?’ विझला म्हणजे मेले असं धरायचं नाही. दुपारचा फ्लास्कही अंधारा होता आणि त्यात जिवाणू वाढतच होते. घड्याळात ३० मिनिटं पुरी झाल्यावरच ट्रे बाहेर काढा, मग हातमोजे उतरवा आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुवा.